उन्हात घातलेल्या एकवीस रेकॉर्डी

दिगू, तुझ्या दशक्रियेला पाच जण बोलले आणि पाचही जण चुकीचं बोलले. एक म्हणाला, अण्णांना भजनाची फार गोडी. दुसरा म्हणाला, नाट्यसंगीताचा एवढा मोठा साठा नगर जिल्ह्यात कुणाकडे नसेल. कारखान्यातला तुझा जुना सोबती माइक हातात घेऊन म्हणाला, अण्णांच्या घरी गेलं की जुन्या सिनेमाची गाणी ऐकायला मिळायची. तुझ्या घरी सिनेमाचं एक गाणं कधी वाजलं नाही. मी खाली बायकांत बसले होते, सुमन माझ्या शेजारी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं रडते. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई हसत होती.

कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागे सरली तोच आला. सगळे म्हणाले, सुखाने गेला, मागे काही राहिलं नाही. कावळ्याला काय माहीत. काय राहिलंय ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. अकरा वर्षं गप्पच आहे. मी चौथी शिकलेली बाई, लिहायची सवय नाही, पण ते आता लिहून टाकते.

आधी तुझं खरं काय होतं ते सांगते. तू साखर कारखान्यात मीटर, गेज असली नाजूक यंत्रं दुरुस्त करायचास. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा नवी यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनियर आला आणि गेस्ट हाउसवर राहिला. त्याचा रेकॉर्ड प्लेअर बिघडला. तो तू नीट केलास. जाताना त्याने तुला एक रेकॉर्ड दिली. पांढरं कव्हर, त्यावर नुसती एक काळी रेघ. मग तू भंगारातून एकेक भाग जमवून स्वतःचा प्लेअर उभा केलास आणि देवळालीच्या आपल्या घरात आई आणि गावातच दिलेली मी, दोघींना समोर बसवलंस.

सुई टेकली. बराच वेळ काहीच नाही. मग पत्र्यावर खडा पडावा तसा एक आवाज. मग पुन्हा काही नाही. मग कुणीतरी दार ओढत असल्यासारखं, लांबच लांब.

आई म्हणाली, "सुई मोडलीय का रं?"

"न्हाई. असंच हाय ते."

"मग गानं कधी लागायचं?"

"हेच गानं हाय, आई."

आई उठून गेली. मीही उठले. त्या दिवशी उठले ती उठलेच.

तिथून तुझा नाद लागला. नगरला रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं, तिथे तू पुस्तकं सोडून रेकॉर्डी चाळायचास. लष्करी कॅम्पातले साहेब बदली होऊन निघाले की त्यांच्या सामानात काय निघतंय ते बघायला जायचास. पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसून दिवस घालवायचास. पण कसलीही रेकॉर्ड तू घेत नव्हतास. कव्हरावरची भाषा तुला वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. ज्याने ते संगीत रचलं त्याच्या नावापुढे जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळं असलं तरच घ्यायचास. म्हणायचास, "ह्यो अजून जिता हाय, आक्का. मेलेल्यांचं सगळं जग ऐकतंय. आपुन जित्यांचं ऐकू." पुढे ती माणसं एकेक करून गेली. मोबाईल आल्यावर तू त्यांची नावं एकेक अक्षर बघून शोधायचास आणि रेघेपुढचं साल पेन्सिलीने भरायचास. तेवढा दिवस जेवणावर तुझं लक्ष नसायचं. आम्हाला वाटायचं, कुणाची मयत झाली.

आपली भांडणं आठवतात. मी म्हणायचे, "ह्याला संगीत म्हनत्यात?"

"व्हय."

"मग माझ्या मोटारीच्या स्टार्टरला काय म्हनायचं?"

"त्यो बी चांगला वाजतो. तू ऐकत न्हाईस."

माझे मालक गेल्यावर पाच वर्षं दर रविवारी तू स्कूटरवर नगरहून देवळालीला यायचास. विहिरीवरची मोटार बघायचास, स्टार्टर खोलून पुसायचास, पोरांना पाणी धरायला शिकवायचास. मी तुला कधी बरं केलंस म्हणाले नाही. लहानपणी मीच तुला कडेवर घेऊन शाळेत बसायचे. तू रडलास की मास्तर मला बाहेर काढायचे, आणि पाचवीचा वर्ग लागला तेव्हा कायमचीच बाहेर राहिले. त्यामुळे तू जे काही करायचास ते माझ्या हक्काचंच आहे असं मला वाटायचं. आता म्हणते. बरं केलंस. तू होतास म्हणून माझी पोरं उभी राहिली.

आपलं सगळ्यात मोठं भांडण जात्यावरून होतं. मी म्हणायचे, गाणं म्हणजे शब्द. आई जात्यावर ओव्या म्हणायची, ते गाणं. तू म्हणायचास, ओव्या तुला एकही आठवत नाही. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला असायचास, तुला फक्त जात्याची घरघर आठवते, आणि दाणे संपत आले की ती कशी बदलायची ते आठवतं. "ते गानं, आक्का. ओवी वरनं घातलेली." मी म्हणायचे, तुझं डोकं फिरलंय. हे भांडण तसंच राहिलं. कोण बरोबर ते आता ठरायचं नाही.

दर वेळी शेवटी तू एकच मागायचास. "एक बाजू बस. वीस मिनटं. मग काय बोलायचं ते बोल." मी एकदाही बसले नाही. कधी दूध गॅसवर असायचं, कधी गुडघा दुखायचा. वीस मिनिटं मला कधी नव्हती असं नाही.

सुमन बसायची.

तुझी बायको राजूरकडची, डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा फार बोलायची नाही. मी तिला म्हणायचे, तुला काय, रानातली कोल्हेकुई ऐकून मोठी झालीस, तुला हे गोडच लागणार. ती हसायची. तू रेकॉर्ड लावलीस की ती सुपात तांदूळ नाहीतर मेथीची जुडी घेऊन तुझ्या खोलीत दाराशी बसायची. निवडणं संपलं तरी उठायची नाही. तिला पहिल्या आवाजाला रेकॉर्ड ओळखू यायची. नावं तुम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती, म्हणून तिने तिचीच नावं ठेवली होती. कुजबुजीची. थेंबांची. लोहाराची. रुसलेल्या बाईची. ती नावं तू कव्हराच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचास. रिटायर होऊन तू नगरमध्येच सावेडीला घर बांधलंस आणि मागची खोली रेकॉर्डींची केलीस, तेव्हा सगळ्या फळ्या तिच्या नावांनी लावल्या होत्यास. मी ते बघायचे. मला ते आवडायचं नाही. का आवडायचं नाही ते पुढे सांगते.

अकरा वर्षांपूर्वी घट बसायच्या आधी मी सावेडीला आले होते. तू डोळे दाखवायला दोन दिवस पुण्याला गेला होतास. घटाआधी घर धुवायचं, ही आपली रीत. गोधड्या धुतल्या, डबे घासले, फळ्या पुसल्या. तुझ्या खोलीपाशी आले तशी सुमन म्हणाली, "वन्सं, तिथं हात नको. त्यांचं ते बघत्यात."

मी म्हटलं, "धुळीत घट बसवायचा का?"

ती नाक्यावर परडी आणि घटाची माती आणायला गेली. मी खोलीत गेले. सगळ्यात खालची फळी, तुझ्या पहिल्या रेकॉर्डींची, सगळ्यात मळकी होती. त्यातल्या एकवीस रेकॉर्डी मी काढल्या, बादलीत साबणाचं पाणी केलं, एकेक बुडवून फडक्याने चोळली. निर्मळ निघाल्या. मला बरंही वाटलं, की चला, दिगूचं काहीतरी काम केलं. गच्चीवर जुनी साडी अंथरली आणि पापड घालावेत तशा ओळीने उन्हात घातल्या. ऑक्टोबरचं ऊन. खाली येऊन मी देवाची भांडी घासत बसले.

सुमन आली, गच्चीवर गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. मी वर गेले. पापड तळताना कड उचलतो तशा सगळ्यांच्या कडा उचलल्या होत्या. पांढऱ्या कव्हरातली ती पहिली रेकॉर्ड पार द्रोणासारखी झाली होती. हात लावला तर मऊ लागली. आम्ही दोघींनी तळहातांनी दाबून बघितल्या. हात काढला की पुन्हा उचलायच्या.

सुमन म्हणाली, "आता काय सांगायचं त्यांना?"

मी म्हटलं, "कव्हरात घालून ठेव. मी सांगते त्याला."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने, तू यायच्या आत, मी देवळालीला निघून गेले. माझ्याही घरी घट बसायचा होता. हे कारण खरं होतं. पण फोन माझ्याही घरात होता.

भाऊबीजेला आले. पाटावर बसलास. तोंड उतरलेलं. सुमन निरांजनाचं ताट घेऊन उभी होती, तिच्या हातून मी ते घेतलं. तू म्हणालास, "आक्का, हिनं माझ्या रेकॉर्डी उन्हात वाळत घातल्या, वाकड्या झाल्यात त्यावरनं कळतंय. पहिल्या फळीच्या. मी इचारलं तर नुसती उभी ऱ्हाती, बोलत न्हाई."

सुमनने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसती वाट बघत होती.

मी तुला ओवाळलं आणि म्हणाले, "जाऊ दे रे. डोंगरातली बाई. तिला काय कळतंय त्यातलं."

दिगू, हे मी बोलले. ज्या एका माणसाला त्यातलं कळत होतं तिच्याबद्दल बोलले, जिला काडीचं कळत नव्हतं तिने. तू ओवाळणी टाकलीस. मी घेतली.

लोक म्हणतील, भीती वाटली असेल, लाज वाटली असेल. तसं नव्हतं. माझ्यावर तू रागावला असतास तर दोन दिवस. खरं ते लिहायचंय म्हणून लिहिते, मला थोडं बरं वाटलं होतं. चाळीस वर्षं तू मला बस म्हणत होतास आणि मी बसत नव्हते, पण माझ्या जागेवर ती बसली हेही मला सहन होत नव्हतं.

त्यानंतर तू खोलीला कुलूप लावलंस. किल्ली सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घराबरोबर. खोली तूच झाडायचास. सुमनवर तू कधी आवाज चढवला नाहीस, जेवण-खाण, औषधपाणी, सगळं चालू होतं. फक्त खोलीत गेलास की दार लावून घ्यायचास. ती बाहेर दारापाशी भिंतीला टेकून भाजी निवडत बसायची. मी आले की हे बघायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. पुढे पुढे तू प्लेअरचा आवाज फार मोठा ठेवायला लागलास. मी म्हणायचे, दिगूचे कान गेले.

ते सगळं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी तुझा फोन आला. "आक्का, आईचं जातं दे."

"कशाला? नगरच्या गिरन्या बंद पडल्या का?"

"लागतंय."

मला वाटलं, तुला ती घरघर ऐकायची असेल. पोराने टेम्पोत घालून पाठवलं. त्याचं काय केलंस ते मी कधी विचारलं नाही. तुझ्या घरात ते मला कधी दिसलंही नाही.

या माघात आले तेव्हा तू फार थकला होतास. पुढच्या ओट्यावर उन्हाला बसला होतास. सुमन आत भाकरी थापत होती, थापटल्याचा आवाज बाहेर येत होता. तो तू थोडा वेळ ऐकलास. मग म्हणालास, "आक्का, मी सुमनशी लई ताणून धरलं का गं?"

देवाने तोंडाशी आणून दिलेली गोष्ट. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "च्या घे, गार होतोय."

तू चहा घेतलास. महिन्याभरात गेलास.

तेरावं झालं, पाहुणे गेले. सुमन लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सुमन, मी त्याला सांगायला पाहिजे हुतं."

ती म्हणाली, "व्हय. पाहिजे हुतं."

लसूण सोलत राहिली.

मी म्हटलं, "तू का न्हाई सांगितलंस? अकरा वर्सं?"

"तुमी सांगते म्हनला हुता."

तेवढंच. मग दुसरा गड्डा फोडत म्हणाली, "पहिल्या वर्सी मी वाट बघितली. मग म्हटलं, आता मी सांगितलं तर नवऱ्याला वाटंल, बहिनीवर ढकलती. मग ऱ्हाऊनच गेलं."

मी म्हणाले, चुकले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग, वन्सं? मला ठावंच हुतं. ज्याला ठावं न्हवतं त्यो गेला. आन् तेराव्याला आपली सगळी मानसं बसली हुती, तवा बी तुमी बोलला न्हाई. आता लिवा. नाव घालून लिवा. भाऊबंदांत सगळ्यांना ठावं हाय, सुमननं रेकॉर्डी नासल्या म्हनून." म्हणून हे लिहिलं. एकवीस रेकॉर्डी मी नासल्या. सुमनने नाही. तिने मला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं.

काल तिने तुझ्या सदऱ्यातून किल्ली काढली. आम्ही दोघी आत गेलो. धूळ कुठेच नव्हती. खिडकीखाली आईचं जातं होतं. जमिनीवर जाड काच, काचेवर रेकॉर्ड, वर दुसरी काच, आणि तिच्यावर जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या. शेजारी बाकीच्यांची चळत होती. भिंतीवर पेन्सिलीने महिने लिहिलेले, कुठली रेकॉर्ड कधी दाबायला घातली आणि कधी काढली. वर्षानुवर्षं तू एकेक करून त्या सरळ करत होतास. मी वाकड्या केलेल्या, आईच्या जात्याखाली, आणि ते जातं मीच पाठवून दिलेलं. सुमनने दोन्ही तळ्या सरकवल्या, मी काच उचलली. पांढऱ्या कव्हरातली होती. पहिल्यापेक्षा बरी होती. सरळ झाली नव्हती.

सुमन फळ्यांपाशी उभी राहून एकेक कव्हर काढून बघत होती. जुन्यांच्या कोपऱ्यात तुझं अक्षर. कुजबुजीची. थेंबांची. लोहाराची. मग कुलूप लागल्यानंतरच्या फळ्या आल्या. त्या अकरा वर्षांत तू आणलेल्या पुष्कळ होत्या. कोपरे कोरे होते. एकीलाही नाव नव्हतं.

मी म्हटलं, "ह्यातल्या तू ऐकल्याच न्हाईस."

ती म्हणाली, "भाईरनं ऐकल्यात की. शेवटाला मोठ्यानं लावायचे."

"त्याचे कान गेले हुते."

"कान गेले हुते, का माझ्यासाठी लावायचे, ते मला म्हाईत न्हाई. इचारलं न्हाई कधी." मग म्हणाली, "दारातनं नाव ठेवता येत न्हाई, वन्सं. सुरवातच ऐकू येत न्हाई."

आज दुपारी जेवणं झाल्यावर तिने देवघरातल्या डबीतून तुझी पेन्सिल घेतली, सुरीने टोक काढलं आणि खोलीत गेली. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. तिने दार लावून घेतलं. मुद्दाम लावलं असेल किंवा नसेल. त्या दाराला लागायचीच सवय झाली आहे.

बाहेर भिंतीपाशी तिचा पाट होता, वर मेथीची जुडी. मी खाली बसले. गुडघा दुखत होता. आत सुई टेकल्याचं कळलं नाही, ती म्हणते तसंच, सुरुवात ऐकू येत नाही. मग लांबून काहीतरी आल्यासारखं झालं. चांगलं की वाईट ते मला कळलं नाही, पण मेथी निवडून झाली तरी मी उठले नाही. ती बाजू संपेपर्यंत दाराला कान लावून होते.

तिने आवाज वाढवला नाही.